गाडीला हार घातला, चेन बघितली का?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

दसऱ्याला सकाळी आमच्या कन्नमवार नगरात बिल्डिंगखाली सतरा-अठरा बाईक धुवून पुसून ओळीने उभ्या होत्या, झेंडूचे हार, हँडलला आंब्याचा डहाळा, टायरखाली लिंबू, सगळं साग्रसंगीत, आणि मी वेड्यासारखा एकेका गाडीमागे वाकून चेन बघत फिरत होतो. तळमजल्यावरच्या काकींनी विचारलं, काय हो, काही पडलं का तुमचं? काय सांगणार त्यांना. काही गाड्यांना पूर्ण कव्हर असतं त्यामुळे आतलं दिसत नाही, पण उघड्या चेनच्या ज्या होत्या त्यातल्या पाच-सहांच्या चेन लाल झालेल्या, एकीची तर इतकी लोंबत होती की तिच्यावर रुमाल वाळत घालता आला असता. वर टाकीला मात्र पॉलिश मारून आरसा केलेला!

हे वेड मला आधीपासून नव्हतं, जुलैत एक प्रकार झाला तेव्हापासून लागलं. संध्याकाळी अंधेरीच्या सीप्झवरून घरी येत होतो, जेव्हीएलआरवर (जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोड) मेट्रोच्या कामाचे पत्रे, खड्डे, वरून पाऊस, नेहमीचंच. आयआयटीच्या गेटच्या थोडं पुढे गाडीने खालून 'खट्ट' केलं, इंजिन एकदम ओरडायला लागलं आणि गाडी पुढे ओढेचना. ॲक्सिलेटर पिळतोय तर नुसता आवाज. मागे बस होती, तिच्या ड्रायव्हरने ब्रेक मारला म्हणून हे पत्र लिहायला मी आहे. कशीबशी कडेला घेतली, मागे वळून बघतो तर चेन रस्त्यात पडलेली, आणि दोन रिक्षा तिच्यावरून गेल्यापण.

नवी कोरी चेन होती हो! जेमतेम तीन आठवडे झाले होते. एका सर्व्हिस सेंटरात (नाव घेत नाही, कुठेही होऊ शकतं) गाडी दिली होती, चेन आणि पुढची-मागची दोन्ही स्प्रॉकेट (चेन ज्यांवर फिरते ती दातेरी चाकं) असा पूर्ण सेट बदलून घेतला, बिलात चेन क्लीनिंग आणि ल्युब्रिकेशनचे वेगळे पैसेपण लावले होते, गाडी चकाचक धुवून दिली, मी खुश.

गाडी ढकलत गांधीनगर सिग्नलच्या अलीकडे एका फूटपाथवरच्या मेकॅनिककडे नेली, साठीतले मामा, छत्रीखाली बसलेले. त्यांनी चेन हातात घेतली आणि लगेच म्हणाले, तुटली नाही ओ साहेब, लॉक उडालंय. चेनची दोन टोकं जिथे जोडतात तिथे एक बारीक पत्र्याची क्लिप असते, एका बाजूने गोल बंद आणि दुसऱ्या बाजूने चिरलेली, तिला लॉक म्हणतात. मामांनी नवं लॉक काढून तळहातावर ठेवलं आणि म्हणाले, हे बघा, माशासारखं दिसतं की नाही? हे डोकं, ही शेपूट. मासा शेपूट पुढे करून पोहतो का? मग हे उलटं कसं चालेल?

म्हणजे चेन ज्या दिशेने पळते त्या दिशेला लॉकचं बंद टोक पाहिजे. घरी बघायचं असेल तर चाक फिरवून लॉक चेनच्या वरच्या पट्ट्यात आणा, तिथे चेन मागून पुढे जाते, त्यामुळे डोकं हेडलाईटकडे आणि चिरलेलं तोंड नंबर प्लेटकडे दिसलं पाहिजे. खालच्या पट्ट्यात आलं की चेन उलट दिशेने जाते म्हणून लॉकपण उलटं दिसतं, तेव्हा उगाच घाबरू नका. तोंड पुढे असेल तर कशाला जरा घासलं किंवा काही आदळलं की क्लिप उचकटते, मग बाहेरची पट्टी निघते आणि चेन सुटते. माझी तर मागे पडली. तीच पुढच्या स्प्रॉकेटला गोळा होऊन अडकली असती तर इंजिनची केसिंग फुटते नाहीतर मागचं चाक जाम होतं, आणि चाक जाम झालेल्या गाडीमागे बस असेल तर काय होतं ते लिहायला नको.

आता उडालेलं लॉक कसं बसवलं होतं ते मला कसं कळणार? तर कळलं. सर्व्हिसिंगच्या दिवशी मी नव्या सेटचा फोटो काढून मित्राला पाठवला होता, बघ कसा चमकतोय म्हणून. रात्री तो झूम केला. लॉक वरच्याच बाजूला आणि तोंड सरळ हेडलाईटकडे. सर्व्हिस सेंटरवाल्याने चूक केली हे खरंच, पण फोटो मी स्वतः काढला होता, तीन आठवडे तो माझ्या खिशात होता आणि चमक सोडून मी त्यात काहीच बघितलं नव्हतं.

म्हणून मी काय म्हणतो, आपल्याकडे सर्व्हिसिंग म्हणजे गाडी धुणं आणि ऑईल बदलणं एवढंच डोक्यात बसलंय. गाडी परत घेताना आपण काय बघतो, तर चमकते का. उलट त्या प्रेशरच्या पाण्याने चेनचं होतं नव्हतं ते ऑईल निघून जातं, वर कोणी परत ऑईल टाकत नाही, आणि फवारा चाकाच्या मधोमध धरला की बेअरिंगमध्ये पाणी शिरतं ते वेगळंच. आमच्या बाजूचा पोरगा दर रविवारी फोम वॉश करून आणतो, त्याची चेन बिल्डिंगमध्ये सगळ्यात जास्त गंजलेली!

चेनचं काम घरी वीस मिनिटांचं आहे. गाडी डबल स्टँडवर, न्यूट्रल, इंजिन बंद आणि चावी खिशात. हे चावीचं मुद्दाम लिहितोय, कारण पुष्कळ लोक इंजिन चालू करून पहिला गिअर टाकतात आणि फिरत्या चेनला फडकं लावतात, पटापट होतं म्हणून. फडकं स्प्रॉकेटमध्ये ओढलं जातं आणि त्याच्यामागे बोट. मामांनी स्वतःचा डावा हात दाखवला, तर्जनीचं एक पेर नाही. चाक हातानेच फिरवायचं.

जुना टूथब्रश आणि रॉकेलने चेन साफ करायची असं सगळे सांगतात, पण रेशनचं रॉकेल आता दिसतं कुठे, त्यामुळे दुकानात चेन क्लीनरचा स्प्रे मिळतो तो आणा. पेट्रोल वापरू नका, ज्या चेनच्या कड्यांमध्ये बारीक रबरी ओ-रिंग असतात त्यांचं रबर त्याने खराब होतं आणि आतलं ग्रीस निघून जातं. मग कोरड्या फडक्याने पुसून ९० नंबरचं गिअर ऑईल नाहीतर चेन ल्यूब, खालच्या पट्ट्याच्या आतल्या बाजूने, म्हणजे चेन फिरली की ते आपोआप बाहेरपर्यंत पसरतं. जास्तीचं पुसून टाका, नाहीतर उडून टायरवर जातं. आणि हे सकाळी ऑफिसला निघताना नाही, संध्याकाळी घरी आल्यावर करा, चेन कोमट असते आणि ऑईलला मुरायला रात्र मिळते. इंजिनचं काढलेलं काळं जळकं ऑईल चेनला टाकायची पद्धत आहे ती बंद करा प्लीज, त्यात इंजिनमधली सगळी घाण असते. किती वेळा करायचं, तर साधारण पाचशे किलोमीटरला एकदा, आणि पावसात भिजली की त्याच्या आधीच, आपल्याकडे ओली चेन एका रात्रीत लाल होते आणि वेसावा-वरळीसारखं समुद्राजवळ राहणाऱ्यांना तर खारी हवा बारा महिने आहेच.

ढिली किती असावी यावर प्रत्येक मेकॅनिकचं वेगळं मत. मॅन्युअल उघडा, त्यात आकडा असतो, नेहमीच्या रोजच्या वापरातल्या गाड्यांना खालच्या पट्ट्याच्या मधोमध बोटाने वर-खाली केल्यावर साधारण दोन-तीन सेंटीमीटर हललं पाहिजे. चेन सगळीकडे सारखी झिजत नाही म्हणून चाक थोडं थोडं फिरवून चार ठिकाणी बघायचं आणि जिथे सगळ्यात टाईट लागते तिथलं माप धरायचं. आवाज येतो म्हणून काही लोक तारेसारखी ताणून घेतात, ते ढिलीपेक्षा वाईट, कारण दोन माणसं बसली, खड्ड्यात गाडी दबली की चेन अजून ताणली जाते आणि तो सगळा ताण गिअरबॉक्सच्या आणि चाकाच्या बेअरिंगवर येतो. चेन टाईट केली की मागचं चाक मागे सरकतं, तेव्हा दोन्ही बाजूंच्या खुणा सारख्या आहेत का ते बघा नाहीतर चाक तिरकं बसतं, आणि ड्रम ब्रेक असेल तर पेडलचा प्लेपण (ब्रेक लागायच्या आधीची मोकळी हालचाल) बदलतो, तो परत सेट करायला मेकॅनिक हमखास विसरतो. मागच्या स्प्रॉकेटवरची चेन मागे ओढून बघा, दाताचा अर्धा भाग उघडा पडत असेल किंवा दात करवतीसारखे टोकदार झाले असतील तर नुसती चेन बदलून पैसे वाचवू नका, झिजलेले दात नवी चेन खाऊन टाकतात, सेटच घ्या.

बाकीचं थोडक्यात. हवा गाडी थंड असताना चेक करायची, घरापासून जवळच्या पंपावर, दहा किलोमीटर चालवून टायर गरम झाल्यावर आकडा जास्तच दाखवतो. माझ्या गाडीला पुढे २५ आणि मागे एकटा असेन तर २८ लागते, मागे कोणी बसणार असेल तर जास्त, तुमच्या गाडीचा आकडा चेन कव्हरच्या किंवा स्विंग आर्मच्या (मागचं चाक धरणारा दांडा) स्टिकरवर असतो. टायरच्या बाजूला चार आकडी नंबर असतो, उदाहरणार्थ २३१९ म्हणजे २०१९ सालच्या २३ व्या आठवड्यात बनलेला, नवीन म्हणून दुकानदार काय देतोय ते त्यावरून कळतं. मागच्या ब्रेकच्या ड्रमवर बाण असतो, ब्रेक पूर्ण दाबल्यावर तो खुणेपर्यंत आला की लायनर संपले. पुढे डिस्क असेल तर हँडलवरच्या छोट्या काचेत ब्रेक ऑईल खालच्या रेघेच्या वर आहे का बघा, आणि दोन वर्षांनी ते बदला, ते हवेतला दमटपणा ओढून घेतं आणि मुंबईच्या हवेत दमटपणाला काय तोटा. इंजिनला कारचं उरलेलं ऑईल टाकू नका, आपल्या बाईकचा क्लच त्याच ऑईलमध्ये बुडालेला असतो आणि तो घसरायला लागतो, डब्यावर जासो एमए (अशा क्लचच्या बाईकसाठीच्या ऑईलची खूण) लिहिलेलं बघून घ्या. एअर फिल्टर मेट्रोच्या धुळीने मॅन्युअलमधल्या आकड्याच्या आधीच भरतो. आणि पाणी भरलेल्या ठिकाणी गाडी बंद पडली तर परत परत सेल्फ मारू नका, आत पाणी गेलेलं असेल तर कनेक्टिंग रॉड वाकतो, ढकलत बाहेर काढा.

१ एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीच्या वरच्या नव्या गाड्यांना एबीएस (जोरात ब्रेक मारला तरी चाक जाम होऊ देत नाही ते) आणि त्याखालच्यांना निदान सीबीएस (एक ब्रेक दाबला की दोन्ही चाकांना लागतो ते) सक्तीचं झालं, चांगलंच आहे. पण एबीएस टायरमध्ये हवा भरत नाही आणि चेनचं लॉक सरळ करत नाही. लायसन्सला आपण आठ काढून दाखवतो, पाय टेकला की नापास, पण चेन कशी तपासायची हे मला तरी कोणी विचारलं नव्हतं, आणि विचारलं असतं तर मी तेव्हाच नापास झालो असतो. आरटीओने टेस्टच्या दिवशी गाडीपाशी उभं करून दोन मिनिटं एवढंच विचारावं, हवा किती, ब्रेकचा बाण कुठे, चेनचं लॉक कुठल्या दिशेला. आणि आपण दर पावसाळ्याच्या आधी आणि नंतर पेपरात चार ओळींची चौकट छापलीत तरी माझ्यासारखे बरेच जण निदान एकदा खाली वाकून बघतील.

ती लोंबती चेनवाली गाडी चौथ्या मजल्यावरच्या पोराची निघाली. दसऱ्याला सांगितलं तर म्हणाला, काका, आत्ताच तर सर्व्हिसिंग केली. लॉक बघितलं, ते बरोबर होतं. चेन मात्र आम्ही दोघांनी मिळून दुपारी जेवणाआधी टाईट केली, हार गळ्यात तसाच ठेवून.

आपला,
एक नियमित वाचक
कन्नमवार नगर, विक्रोळी (पूर्व)

ता.क. – बायको म्हणते स्कूटरवाल्यांचंपण लिहा, तिची स्कूटर आहे. स्कूटरला चेन नसते, आत रबरी बेल्ट असतो, तो दिसत नाही म्हणून कोणी विचारतच नाही. साधारण वीस-पंचवीस हजार किलोमीटरच्या आसपास, मॅन्युअलमध्ये असेल त्याप्रमाणे, तो बदलावा लागतो, तुटला तर गाडी जिथे असेल तिथेच थांबते. तिच्या स्कूटरचं मीटर मी काल बघितलं, एकतीस हजार. शनिवारी टाकतोय.