बाटली, फॉर्म आणि फळीवरचे पाय

लोटे,
रविवार

तीर्थरूप बाबा आणि आईस,
साष्टांग नमस्कार.

फोनवर सांगायला तीनदा सुरुवात केली आणि तिन्ही वेळा रेंज जातेय म्हणून ठेवून दिला. रेंज होती. आमच्या प्लांटमधल्या एका पोराची मावशी हर्णैला लिलावात बसते. तिच्या टोपलीतून बातमी घरी यायच्या आधी माझ्याकडून यावी, म्हणून लिहायला बसलो.

कंपनीत नशेची तपासणी सुरू झालीय. कधीही, ज्याचं नाव निघेल त्याची. गेल्या मंगळवारी माझं निघालं. ओएचसी म्हणजे कंपनीचा दवाखाना, त्याच्या मागच्या संडासात. कमोडमध्ये निळा रंग ओतलेला, कोणी बाटलीत पाणी मिसळू नये म्हणून. नळ बंद. दार अर्धं उघडं आणि दारात सिक्युरिटीवाला. बाटलीला बाहेरून एक पट्टी असते, ती उष्णता दाखवते. 32 ते 38 अंशांत असली तर लघवी तुमची, नसली तर कुठून तरी आणलेली. चौतीस वर्षांचा मी, दोन पोरांचा बाप, वीस मिनिटं भिंतीकडे बघत उभा होतो आणि होईना. आई, हसू नकोस. बरं, हस.

मग ते थेंब एका कार्डावर टाकतात. रेघ उमटली तर सुटलात, नाही उमटली तर अडकलात, असं उलटं गणित आहे. माझ्यापुढे ठेकेदाराचा एक पोरगा होता, त्याची एक रेघ उमटली नाही. तिथूनच गेटबाहेर. नमुना मोठ्या लॅबला गेला आणि पाच दिवसांनी कळलं की खोकल्याच्या औषधातलं कोडीन होतं, अफूच्याच जातीचं. डॉक्टरची चिठ्ठी त्याच्याकडे पहिल्या दिवसापासून होती, कोणी मागितलीच नाही. पाच दिवसांचा खाडा भरून निघाला नाही तो नाहीच, वर कँटीनमध्ये त्याला 'गर्दुल्ला' म्हणतात ते लॅबच्या कागदाने थांबलेलं नाही.

आणि आई, तुझ्या अनारशांवरची खसखससुद्धा यात येते! ती अफूच्याच बोंडातली, थोडं मॉर्फिन तिला चिकटून येतं. अमेरिकेत सरकारी चाचणीत पूर्वी मिलिलिटरमागे 300 नॅनोग्रॅमला माणूस अडकायचा. खसखशीचे पाव खाऊन लोक अडकतात हे ध्यानात आल्यावर 1998 मध्ये त्यांनी ती मर्यादा 2000 वर नेली. आमच्या कार्डाची मर्यादा किती, असं मी तपासणाऱ्या मुलाला विचारलं. त्याने कार्ड उलटंसुलटं करून बघितलं आणि म्हणाला, "साहेबांना विचारा."

आता खरी गोष्ट. बाटलीच्या आधी एक फॉर्म भरायचा असतो. वरती छापलेलं, 'मी स्वखुशीने संमती देत आहे.' सही केली नाही तर गेटपास नाही, एवढीच काय ती स्वखुशी. त्याखाली रकाना, 'सध्या चालू असलेली औषधे'. मी लिहिली. बाबा, गेल्या पावसाळ्यापासून मी झोपेच्या आणि घाबरं होतं त्याच्या गोळ्या घेतो. शेजारच्या प्लांटला आग लागली होती, त्या रात्री मी ड्युटीवर होतो. काही झालं नाही मला. पण नंतर झोप गेली. चिपळूणच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, नाइट शिफ्ट असली की घेत नाही, आता अर्ध्यावर आल्यात. तुम्हाला सांगितलं नव्हतं, कारण आईने लगेच नारळ ओवाळला असता आणि तुम्ही दोन दिवस बोलला नसता. जे आईबापाला सांगितलं नाही ते मी टेबलावरच्या क्लार्कला लिहून दिलं. तो मोठ्याने म्हणाला, "झोपेच्या का? टेन्शन कसलं घेता?" मागे अकरा जण रांगेत उभे होते.

तपासणी नकोच असं मी म्हणत नाही. रिअ‍ॅक्टरवर माझ्याबरोबरचा माणूस झिंगलेला असेल तर मलाच नको आहे. माझ्या गोळ्यांचं कंपनीच्या डॉक्टरला कळायलाच हवं. क्लार्कला नाही, ठेकेदाराच्या सुपरवायझरला तर अजिबात नाही.

बाबा, तुम्ही एवढी वर्षं तांडेल होतात, म्हणून तुम्हालाच विचारतो. लघवीत गांजा सापडतो तो आत्ता चढलाय म्हणून नव्हे. रोज ओढणाऱ्याच्या अंगात तो चरबीत मुरतो आणि सोडल्यावरही तीन-चार आठवडे दिसत राहतो. रात्री क्वार्टर मारून आलेल्याची दारू मात्र तासांत उतरते, कार्ड त्याला काही म्हणत नाही. म्हणजे मागच्या महिन्यातलं सापडतं आणि आजचं निसटतं. तुम्ही खलाशाला बोटीवर घेताना काय बघायचात? फळीवरून चढताना त्याचे पाय. पाय लटपटले की "आज घरी जा, उद्या ये," एवढंच. कुणाला कळायचंही नाही का परत पाठवला ते. लहान होतो तेव्हा मला वाटायचं बिचाऱ्याला ताप आला असेल.

1989 मध्ये अलास्काच्या किनाऱ्यावर एक्सॉन वाल्डेझ नावाचं तेलवाहू जहाज खडकावर चढलं, जवळजवळ चार कोटी लिटर तेल समुद्रात गेलं. कप्तान बंदरात प्यायला होता, हे जगभर गाजलं. जहाजांवरच्या दारूच्या तपासण्या त्यानंतर कडक झाल्या. त्या वेळी जहाज ज्याच्या हाती होतं तो थर्ड मेट, म्हणजे कप्तानाच्या हाताखालचा अधिकारी, मात्र थकलेला होता, कामाने दबलेला होता, आणि चौकशीत अपघाताच्या कारणांत तेही लिहिलं गेलं. थकव्याचं कार्ड अजून कोणी काढलेलं नाही. आमच्याकडे रिलीव्हर आला नाही की सलग सोळा तास काढावे लागतात, त्याबद्दल फॉर्मवर एकही रकाना नाही.

बाबा, तुम्ही पेपर बारकाईने वाचता, तुम्हाला आठवेल. 24 ऑगस्ट 2017 ला सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायाधीशांनी एकमताने सांगितलं की खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे. अर्ज आधारविरुद्ध होता, करणारे पुट्टस्वामी स्वतः निवृत्त न्यायाधीश, वय ऐंशीच्या पुढे. तो निकाल सरकारला बांधतो, खाजगी कंपनीच्या गेटवर तो दाखवून उपयोग होतोच असं नाही. 2023 चा माहिती संरक्षणाचा कायदाही नोकरीच्या कामासाठी मालकाला संमतीवाचून बरीच मोकळीक देतो. मी एवढंच केलं, की फॅक्टरी मॅनेजरांना अर्ज दिला. औषधांचा रकाना बंद पाकिटात थेट कंपनीच्या डॉक्टरकडे जावा. लॅबचा कागद येईपर्यंत कोणाला बाहेर काढू नये, काढलंच तर हजेरी लावावी. दार बंद असावं. खाली सही एकट्याचीच आहे. चौघे "बघतो" म्हणाले.

अर्जावर अजून काही आलेलं नाही. बुधवारी पुढची नावं निघणार आहेत.

ताई म्हणाली, जाळं बरंच फाटलंय. शनिवारी सकाळच्या एसटीने येतो, दोघे मिळून शिवू. आई, गोळ्यांचं तेव्हा विचार, आता फोन करू नकोस, मी शिफ्टला असेन. आणि अनारसे उरले असतील तर ठेव.

तुमचा,
बाळ