फाँटचा परवाना कोणाच्या नावावर?

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

मराठी पुस्तकाच्या श्रेयपानावर आम्ही प्रकाशक लेखकाच्या हक्काची ओळ, मुखपृष्ठकार, मुद्रितशोधक, अक्षरजुळणी आणि मुद्रणालय अशी सगळी नावे छापतो, कधी बांधणी करणाऱ्याचेही छापतो. पुस्तक ज्या अक्षरांत वाचले जाते त्या फाँटचे नाव मात्र तिथे नसते. तो वापरण्याचा परवाना कोणाकडे आहे असे विचारले, तर प्रकाशक अक्षरजुळणी करणाऱ्याकडे बोट दाखवतो आणि अक्षरजुळणी करणारा ‘कॉम्प्युटरमध्ये होताच’ म्हणून मोकळा होतो. पुण्यात लहान प्रमाणावर प्रकाशन करताना मागच्या वर्षापर्यंत माझेही उत्तर याहून वेगळे नव्हते.

मागच्या वर्षी एका आत्मचरित्राच्या दुसऱ्या आवृत्तीबरोबर त्याचे ई-पुस्तकही काढायचे ठरले. वितरकाने पाठवलेल्या करारात एक कलम होते, की फाइलमध्ये अंतर्भूत केलेल्या प्रत्येक फाँटच्या वापराचा हक्क आपल्याकडे असल्याची हमी प्रकाशकाने द्यावी. सही करण्यापूर्वी मी पहिल्या आवृत्तीची पीडीएफ उघडली आणि तिच्या ‘प्रॉपर्टीज’मध्ये जाऊन फाँटची यादी पाहिली. चार नावे होती आणि प्रत्येक नावाच्या आधी सहा रोमन अक्षरे व अधिकचे चिन्ह होते. (सबंध फाँट न घालता पुस्तकात लागलेली तेवढीच अक्षरे पीडीएफमध्ये घातली आहेत, याची ती खूण असते.) अक्षरजुळणी करणाऱ्या मित्राकडे चौकशी केली, तेव्हा त्याने पेन ड्राइव्ह लावून ‘ऑल मराठी फाँट’ नावाचे फोल्डर उघडले. ते त्याला एका जाहिरात संस्थेतल्या ओळखीच्याने दिले होते, त्या ओळखीच्याला आणखी कोणीतरी. फायली शेकडो होत्या, परवान्याचा कागद एकही नव्हता. ‘‘सगळे हेच वापरतात, दादा,’’ असे तो म्हणाला, आणि त्यात खोटे काही नाही.

या विषयावर आमच्या व्यवसायात जी चर्चा होते, तीत दोन वेगळ्या गोष्टींची सतत गल्लत होते. अक्षराचे वळण ही एक गोष्ट आणि ते वळण पडद्यावर व कागदावर उमटवणारी संगणकीय फाइल ही दुसरी. वळणाला आपल्याकडे फारसे संरक्षण नाही. २००२ साली कॉपीराइट मंडळाने ‘आनंदा एक्स्पांडेड इटॅलिक्स’ या अक्षरसंचाच्या प्रकरणात टंकरचनेला (म्हणजे अक्षरसंचाच्या वळणाला) कलाकृती म्हणून नोंदणी नाकारली. स्वामित्वहक्क कायदा, १९५७ च्या कलम १५ नुसार, डिझाइन म्हणून नोंदवता येण्याजोगी पण न नोंदवलेली रचना औद्योगिक प्रक्रियेने ५० पेक्षा अधिक वेळा उतरवली गेली, की तिच्यावरचा कॉपीराइट संपतो. डिझाइन कायदा, २००० खाली नोंदणी केली तर १० वर्षे आणि मुदतवाढ घेतली तर आणखी ५ वर्षे, एवढेच संरक्षण मिळते. अमेरिकेतही एल्ट्रा कंपनीच्या दाव्यात १९७८ साली न्यायालयाने टंकरचना कॉपीराइटच्या कक्षेबाहेर ठेवली. एवढी अर्धी बाजू वाचून ‘फाँटला कॉपीराइट नसतोच’ असा निकाल व्हॉट्सअ‍ॅपच्या गटांवर दिला जातो आणि लोक निर्धास्त होतात.

फाइलची गोष्ट निराळी आहे. आपल्या कायद्यातल्या ‘वाङ्मयकृती’च्या व्याख्येत संगणकाच्या आज्ञावलीचाही (सॉफ्टवेअरचाही) समावेश आहे आणि फाँट कंपन्या याच व्याख्येचा आधार घेतात. अमेरिकेत १९९८ साली अडोबी कंपनीच्या खटल्यात न्यायालयाने हीच भूमिका मान्य केली, म्हणजे वळण मोकळे असले तरी ते वळण ज्या बिंदूंनी आणि सूचनांनी फाइलमध्ये लिहिले आहे, ते लेखन संरक्षित ठरले. कादंबरी आणि ती ज्या फाँटमध्ये छापली तो फाँट, दोन्ही कायद्याच्या एकाच शब्दात बसतात, याची आम्हा प्रकाशकांना गंमत वाटायला हवी. पण आपल्या लेखकाच्या पुस्तकाची चोरटी आवृत्ती पदपथावर दिसली की पोलीस चौकी गाठणारे आम्हीच ही दुसरी चोरी रोज करतो, हे लक्षात आल्यावर गंमत उरत नाही. आज्ञावलीची बेकायदा प्रत जाणूनबुजून संगणकावर वापरणाऱ्यास कलम ६३-ब खाली किमान ७ दिवस ते कमाल ३ वर्षे कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड सांगितला आहे. वापर नफ्यासाठी किंवा व्यापाराच्या ओघात नसेल तर न्यायालय कैद माफ करू शकते, पण पुस्तक विकणाऱ्याला ही सवलत मागता येणार नाही. आणि ‘जाणूनबुजून’ या शब्दाची पळवाटही ते फोल्डर पाहिल्या दिवशी माझ्यापुरती बंद झाली.

ब्रिटनच्या १९८८ च्या कायद्याने ही विभागणी अधिक स्वच्छपणे केली आहे. तिथे टंकरचना ही कलाकृती मानली जाते, पण टंकलेखन, जुळणी आणि छपाईच्या नेहमीच्या कामात ती वापरणे हा हक्कभंग ठरत नाही, आणि तिच्यानुसार मजकूर जुळवण्याची साधने एकदा बाजारात आली की २५ वर्षांनंतर इतरांना तशी साधने बनवण्याचीही मोकळीक मिळते. आपल्या कायद्यात टंकरचनेपुरते असे स्वतंत्र कलमच नाही. टंकरचनांच्या संरक्षणासाठी १९७३ साली व्हिएन्नात जो आंतरराष्ट्रीय करार झाला, तोही पुरेशा देशांनी मान्य न केल्यामुळे कधी अमलात आला नाही.

खिळ्यांच्या, म्हणजे शिशाच्या सुट्या अक्षरांच्या, काळात हा प्रश्न मुद्रकाला पडतच नव्हता. निर्णयसागर छापखान्याच्या जावजी दादाजींनी राणोजी रावजी आरू यांच्याकडून जी देवनागरी अक्षरे कोरून घेतली, ती ओतलेल्या धातूच्या रूपाने विकली जात. खिळे वजनावर घ्यायचे, झिजेपर्यंत वापरायचे आणि झिजले की वितळवायला द्यायचे. विकत घेतलेले शिसे घेणाऱ्याचे होते. आज आपण फाँट विकत घेतो असे म्हणतो तेव्हा प्रत्यक्षात ठरावीक वापराची परवानगी घेत असतो, आणि घोळ होतो तो इथेच. पाच संगणकांसाठी घेतलेला परवाना सहाव्याला चालत नाही. छापील पुस्तकासाठी घेतलेला परवाना ई-पुस्तकाला बहुधा लागू होत नाही, कारण ई-पुस्तकाबरोबर फाँटची फाइल हजारो वाचकांच्या हाती जाते. संकेतस्थळासाठी आणि मोबाइल अ‍ॅपसाठी तिसरे-चौथे दर असतात. इनडिझाइन या पानमांडणीच्या आज्ञावलीत आपण ‘पॅकेज’ करून फोल्डर छापखान्यात पाठवतो, त्यात फाँटच्या प्रतीही जातात, आणि छापखान्याकडे स्वतःचा परवाना नसेल तर अनेक कंपन्यांच्या अटींनुसार तेवढ्यानेच करारभंग होतो. पीडीएफ पाठवली तर हा प्रश्न पुष्कळसा मिटतो. मुखपृष्ठाचे शीर्षक कोरल या चित्रकामाच्या आज्ञावलीत ‘कर्व्ह’ करून, म्हणजे अक्षरांचे चित्र करून, पाठवले की परवाना लागत नाही, ही समजूत तर चुकीचीच आहे. त्याने फाइल पाठवणे टळते, वापर टळत नाही. ‘मोफत’ म्हणून उतरवून घेतलेल्या कित्येक फाँटबरोबर ‘फक्त व्यक्तिगत वापरासाठी’ अशी ओळ असते, आणि अडीचशे रुपये किंमत छापलेले पुस्तक कोणत्याही अर्थाने व्यक्तिगत नव्हे. विंडोजबरोबर मिळणारा, प्रा. र. कृ. जोशी यांनी घडवलेला ‘मंगल’ वापरून छापील मजकूर विकायला हरकत नाही. पण ती फाइल उचलून दुसऱ्या यंत्रावर किंवा स्वतःच्या अ‍ॅपमध्ये घालायची परवानगी त्यात येत नाही.

मराठीपुरती खास अशी एक अडचण आहे आणि तिच्याविषयी कोणी बोलत नाही. राज्य शासनाने नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाने मराठीसाठी पाकळीयुक्त ‘ल’ आणि देठयुक्त ‘श’ ग्राह्य धरले. बाजारातल्या बऱ्याच देवनागरी फाँटमध्ये मात्र हिंदी वळणाचे ‘ल’ आणि ‘श’ येतात. मुलांच्या एका पुस्तकाच्या वेळी आमच्या संपादिकेने ते वळण चालवून घ्यायला साफ नकार दिला. अक्षरजुळणी करणाऱ्याने रातोरात तो फाँट फाँट-संपादकात उघडला, दुसऱ्या एका कंपनीच्या फाँटमधून पाकळीचा ‘ल’ उचलला, जाडी थोडी कमी केली, पहिल्यात बसवला आणि सकाळी अभिमानाने पाने दाखवली. पाने खरोखर सुरेख झाली होती. पण एका फाँटच्या अटी बदल करण्यास मनाई करणाऱ्या होत्या आणि दुसऱ्याच्या, त्यातला भाग काढून घेण्यास. म्हणजे एकाच ‘ल’पायी आम्ही दोन करार मोडले. युनिकोड फाँटमध्ये भाषा ‘मराठी’ अशी निवडली की ही वळणे आपोआप बदलण्याची सोय ठेवता येते आणि काही फाँटमध्ये ती आहेही. जुळणीच्या आज्ञावलीत भाषेचा तो रकाना मात्र आपल्याकडे सहसा ‘हिंदी’वर किंवा इंग्रजीवरच पडून असतो.

परवडत नाही म्हणून चोरीचे वापरतो, हा युक्तिवाद आता फार ताणता येणार नाही, असे मला वाटते. खुल्या परवान्याचे (‘ओपन फाँट लायसन्स’चे) देवनागरी फाँट आज पुस्तकाच्या कामाला पुरतील इतके आहेत. मुंबईच्या ‘एक टाइप’चे ‘मुक्त’ आणि ‘बलू’ आहेत. मजकुरासाठी ‘टिरो देवनागरी मराठी’ आहे, त्यात मराठी ‘ल’ आणि ‘श’ मुळातच आहेत. ‘नोटो’चे देवनागरी फाँट आहेत. या परवान्यानुसार फाँट छापील पुस्तकात वापरता येतो, ई-पुस्तकात घालता येतो, त्यात बदलही करता येतो. नुसता फाँट विकायचा नाही, आणि बदललेला फाँट वाटायचा असेल तर तो त्याच परवान्याखाली द्यायचा व मूळ नाव राखीव असेल तर दुसरे नाव द्यायचे, एवढी बंधने आहेत. त्याच्या आधारे जुळवलेले पुस्तक मात्र पूर्णपणे लेखक-प्रकाशकाचे राहते. आमचे आत्मचरित्र आम्ही असाच एक फाँट घेऊन पुन्हा लावले. अक्षर किंचित रुंद असल्याने पाने १७६ ची १९२ झाली, म्हणजे सोळा पानांचा एक फर्मा वाढला, आणि तो खर्च आम्ही सोसला.

तरीही सगळा दोष प्रकाशकांवर टाकणे न्याय्य होणार नाही. मी स्वतः काही वर्षांपूर्वी रीतसर पैसे मोजून घेतलेला एक फाँटसंच डोंगलला (संगणकाला जोडायच्या, किल्लीसारख्या छोट्या उपकरणाला) बांधलेला होता. डोंगल बिघडले तेव्हा विक्रेत्याने नवी आवृत्ती पूर्ण किमतीला घ्या असे सांगितले, आणि जुन्या सांकेतिक पद्धतीतली माझी चाळीस पुस्तके उघडण्यासाठी मला एक जुनाट संगणक अजून जिवंत ठेवावा लागतो. आज्ञावलीच्या कायदेशीर धारकाला हानीपासून बचावासाठी प्रत करून ठेवण्याची मुभा कलम ५२ देते, पण कुलूपच यंत्रात असेल तर त्या मुभेचे करायचे काय? शिवाय बहुतेक परवाने इंग्रजीत, लांबलचक आणि मोठ्या कंपन्यांकडे पाहून लिहिलेले असतात. ५०० किंवा १००० प्रतींची आवृत्ती काढणाऱ्याला एका पुस्तकापुरता, छापील आणि ई-पुस्तक दोन्ही धरून, मराठीत लिहिलेला आणि एका पानात मावणारा परवाना मिळाला, तर माझ्या माहितीतले अनेकजण तो घेतील.

अनुदान देणाऱ्या शासकीय संस्थांनी आणि पुस्तक खरेदीच्या योजनांनी लेखकाच्या संमतिपत्राबरोबर फाँटच्या परवान्याची प्रतही मागायला सुरुवात करावी, अशी माझी सूचना आहे. प्रकाशक संघटनांनी अक्षरजुळणीच्या बिलावर फाँटचे नाव व परवान्याचा प्रकार लिहिण्याची पद्धत पाडावी, आणि श्रेयपानावर ‘अक्षरजुळणी’च्या खाली फाँटचे आणि तो घडवणाऱ्याचे नाव द्यावे. हे सगळे मी त्या पेन ड्राइव्हवाल्या मित्रापुढे मांडले, तेव्हा त्याने उलट विचारले की पानामागे मिळणाऱ्या दरातून त्याने घरभाडे द्यायचे, वीजबिल भरायचे की फाँट विकत घ्यायचे. त्याचे म्हणणे मला खोडून काढता आले नाही. आमच्या पुढच्या तीन पुस्तकांसाठी लागणारा एक फाँट आता मी विकत घेतला आहे. परवाना आमच्या प्रकाशन संस्थेच्या नावावर आहे, फाँट बसवला आहे त्या मित्राच्या संगणकावर, आणि हे अटींत बसते का, असे कंपनीला पत्राने विचारले आहे. उत्तर यायचे आहे.

आपला,
एक प्रकाशक, पुणे