कलता फणस अखंड उतरवणाऱ्या काकांना

आदरणीय काका,
सप्रेम नमस्कार.

हे पत्र मुद्दाम सगळ्यांना वाचता येईल असं लिहितोय. तुमचं काम फक्त आमच्या घरच्यांनी पडवीतून पाहिलं, आणि गोव्यात सत्तरीपासून पेडण्यापर्यंत दारात कलतं झाड असलेली घरं काही कमी नाहीत.

फणस आजोबांच्या हातचा. कुळागराच्या, म्हणजे माड-पोफळीच्या बागेच्या, अंगाला तो आधीपासूनच कललेला होता, पण गेल्या पावसात बुंध्यामागची माती उचलली गेली. १९८४ च्या वृक्ष संरक्षण कायद्याखाली वृक्ष अधिकाऱ्यांची परवानगी घेतली. पुढे मात्र जो येई तो एकच सांगे, ‘वरून तुकडे करत येतो, जळणाला होईल.’ तुम्ही बुंध्यावरून हात फिरवलात, गाठी पाहिल्यात आणि विचारलंत, ‘यातून चौकटी काढायच्या ना?’ खरं तर त्या प्रश्नासाठीच हे आभार.

कलत्या झाडाला मागून सरळ करवत लावली, की कापणं पुरं व्हायच्या आत ते पुढे झुकतं आणि बुंधा उभा फाटत वर जातो. फाटलेली फाळ मागे उसळते, थेट कापणाऱ्याच्या अंगावर. माणूस वाचला तरी खालचा, सगळ्यात किमतीचा ओंडा गेलाच. हे तुम्ही आमच्या शाळकरी पोरीलाही कळेल असं सांगितलंत.

आधी पडवीकडच्या फांद्या दोराने एकेक करून उतरवल्यात. पुढची खाच उथळ घेतलीत, जाडीच्या पाव हिश्शाएवढी. खोल गेलं तर झाड बसतं आणि पातं अडकतं म्हणालात. तिच्यामागे जाडीच्या दहाव्या हिश्शाएवढं लाकूड बिजागरीसारखं राखलंत, घराच्या विरुद्ध अंगाला जरा जास्तच, म्हणजे पडताना झाड पडवीकडे वळणार नाही. मग करवतीच्या मशीनचं टोक बुंध्यात घुसवलंत, तेही खालच्या कोपऱ्याने. वरचा कोपरा टेकला की मशीन तोंडावर उडतं. आतून मागे मागे कापत आलात आणि पाठीला लाकडाची एक पट्टी शिल्लक ठेवलीत. आतून एवढं कापलेलं, तरी झाड जागचं हललं नाही! तुम्ही मशीन बंद केलंत, कोण कुठे आहे ते पाहिलंत, मागे तिरकी जाणारी पळवाट एकदा चालून आलात, आणि मगच ती पट्टी तोडलीत. पुढचं सगळं क्षणाचं काम.

झाड पडणार तिथले चिरे आदल्या दिवशी हलवायला लावून त्यावर माडाची चुडतं आणि तोडलेल्या फांद्या अंथरल्या होत्यात. आईला तेव्हा हे नखरे वाटले. ओंडा कुठेही तडकला नाही, म्हटल्यावर तीच आता शेजाऱ्यांना सांगत सुटलीय.

एवढं झाल्यावर दुसरा कोणी पैसे मोजून निघाला असता. तुम्ही थांबून ओंड्याच्या दोन्ही तोंडांना जुना ऑइलपेंट फासलात, नाहीतर तोंडं आधी वाळून चिरा आत जातात. वरच्या अंगावर खडूने खूणही केलीत: कलत्या झाडाच्या त्या बाजूचं लाकूड वर्षानुवर्षं ताणात वाढलेलं, त्याच्या पातळ फळ्या वाकतात. सॉमिलवाल्याने आधी तोंड वाकडं केलं, पण खूण मानली. फळ्या आता पडवीत पट्ट्या घालून रचल्यात, गाभ्याचा पिवळा रंग पाहून सुतार रोज भाव सांगून जातो. देणार नाही. चौकटी नीट वाळल्यावरच.

मजुरी तुम्ही सांगितली तेवढीच घेतलीत, वर काही घेतलं नाहीत. म्हणून वरचा एक वाकडा ओंडा बाजूला ठेवलाय. तुम्ही त्याच्याकडे जाता जाता वळून पाहिलंत, ते आमच्या नजरेतून सुटलं नाही. चार पाट सहज निघतील. नेण्याचे कागद मी बघतो. पाऊस सुरू व्हायच्या आत पिकअप घेऊन या, जेवायलाच या.

तुमचा,
सत्तरीतला फणसवाला