गाजर गवतावरची लस पुण्यातच का बनू नये?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

पाऊस ओसरायला लागला की आमच्या कर्वेनगरातल्या रिकाम्या प्लॉटवर गाजर गवत कमरेएवढं वाढतं, पांढरा फुलोरा धरतं, आणि तिथून दिवाळीपर्यंत आमच्या घरात सकाळ उजाडते ती मुलीच्या शिंकांनीच. एका दमात पंधरा-वीस शिंका, डोळे लालभडक, नाकातून पाण्याची धार, दप्तरात वह्यांसोबत रुमालांची चळत. स्किन प्रिक टेस्ट केली तेव्हा हातावर ओळीने थेंब टाकून सुईने टोचलं आणि पंधरा मिनिटांत गाजर गवताच्या थेंबाखाली ही एवढी गांधी उठली, म्हणजे शंकेला जागाच नाही.

मग इम्युनोथेरपी सुरू केली. ज्याची अ‍ॅलर्जी त्याचाच अर्क अगदी थोडा थोडा वाढवत टोचायचा, आधी दर आठवड्याला, मग महिन्याला, असं तीन ते पाच वर्षं. लंडनच्या लेनर्ड नून यांनी १९११ मध्ये गवताच्या परागांवर हा प्रयोग छापला तेव्हापासूनची ही पद्धत आहे आणि मुळावर जाणारा उपाय हाच, गोळ्या नुसत्या शिंका दाबतात. पण टोचायची ती तीच वस्तू जिची अ‍ॅलर्जी आहे, त्यामुळे रिअ‍ॅक्शनची भीती असतेच. आमचं आठवं इंजेक्शन. अर्धा तास तिथेच बसायचं असतं हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं, दहा मिनिटांत निघालो, मी पार्किंगमधून स्कूटर काढतेय तोवर पोरीच्या अंगावर पित्त उठलं, ओठ सुजले, म्हणाली आई घशात काहीतरी अडकलंय. तिला तशीच धरून वर पळाले, मांडीत रिअ‍ॅक्शन आवरणारं अ‍ॅड्रेनालिन दिलं म्हणून निभावलं. त्यानंतर ती सुई बघायलाही तयार नाही, आणि खरं सांगते, माझ्याच्याने जबरदस्ती होत नाही.

यावर उपाय शोधता शोधता मला अ‍ॅलर्गॉइड हा शब्द सापडला, म्हणजे रसायनाची प्रक्रिया करून सौम्य केलेला तोच अर्क, आणि हे पत्र त्यासाठीच आहे.

परागातल्या प्रोटीनची एक ठराविक घडी असते, ती ओळखूनच आपल्या शरीरातल्या आयजीई नावाच्या, अ‍ॅलर्जी घडवणाऱ्या अँटिबॉडीज त्याला धरतात, मग मास्ट नावाच्या पेशी हिस्टामिन हे रसायन सोडतात आणि शिंकांपासून घसा सुजण्यापर्यंत सगळं होतं. त्या प्रोटीनवर आधीच फॉर्मलिनची किंवा ग्लुटारल्डिहाइडची प्रक्रिया केली की रेणू एकमेकांत गुंतून त्यांचे मोठे गठ्ठे होतात, घडी बिघडते, झाकली जाते, आणि आयजीईला ओळख नीट पटत नाही. पण प्रतिकारशक्तीच्या ज्या टी पेशींना हा पराग शत्रू नाही असं आपल्याला शिकवायचं असतं त्या अख्खी घडी बघतच नाहीत, त्यांच्यासमोर प्रोटीनचे कापलेले तुकडे येतात, आणि ते तुकडे बरेचसे तसेच राहतात. म्हणजे शिकवण पोचते आणि दंगा कमी होतो. डेव्हिड मार्श आणि सहकाऱ्यांनी १९७० मध्ये राय गवताच्या परागावर हे करून दाखवलं. जर्मनी, स्पेनसारख्या देशात अशी इंजेक्शनं कित्येक वर्षं वापरात आहेत, डोस लवकर चढवता येतो त्यामुळे सुरुवातीच्या सुया कमी होतात. धोका शून्य होत नाही, अर्धा तास बसणं तिथेही आहेच, आणि प्रक्रिया जास्त झाली तर लसीचा उपयोगच कमी होतो, त्यामुळे प्रत्येक बॅच नीट तपासावी लागते, हेही सांगितलं पाहिजे.

आता मुद्दा पुण्याचा. तिकडची औषधं तिकडच्या परागांची, बर्च, ऑलिव्ह, त्यांची गवतं. आपल्याला ती काय कामाची? आपल्याला पाहिजे गाजर गवत, आणि हे तण भारतात पहिल्यांदा नोंदलं गेलं तेच मुळी पुण्यात, १९५०च्या दशकात. (त्याला हात लागून कातडीला येणारी खाज-पुरळ हा वेगळा प्रकार, त्यावर ही लस नाही, मी शिंका आणि दम्याबद्दल बोलतेय.) आणि फॉर्मलिनने विष निवळून त्याचीच लस करायची ही युक्ती तर पुण्याच्या अंगवळणी पडलेली आहे, धनुर्वाताची लस अशीच बनते, फ्रान्सचे शास्त्रज्ञ रामाँ यांनी १९२०च्या दशकात हे तंत्र दिलं आणि हडपसरला सीरम इन्स्टिट्यूट ती लस वर्षानुवर्षं बनवत आलीय. पाषाणला राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा आहे, वनस्पतींवर काम करणारी आघारकर संस्था आहे, आणि कच्चा माल तर दर रिकाम्या प्लॉटवर फुकट उगवतोय! या मंडळींनी आणि इथल्या अ‍ॅलर्जीच्या डॉक्टरांनी एकत्र बसून गाजर गवताच्या अ‍ॅलर्गॉइडचं काम हातात घ्यावं, रीतसर चाचण्या कराव्यात, वेळ लागला तरी लागू दे.

तोवर एक गोष्ट मात्र उद्यापासून होऊ शकते. जिथे जिथे अ‍ॅलर्जीची इंजेक्शनं देतात तिथे भिंतीवर ठळक मराठीत लिहा की अर्धा तास इथेच बसा, आणि अ‍ॅड्रेनालिन त्याच खोलीत हाताशी ठेवा. आम्हाला एवढं कुणी सांगितलं असतं तर माझ्या मुलीचे उपचार आज चालू असते.

– एक आई, कर्वेनगर, पुणे