आश्रमशाळांतील खेळाडू एका दिवसाच्या चाचणीत सापडणार नाहीत

महोदय,

कविता राऊत यांनी 2010 मध्ये दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत 10 हजार मीटरचे कांस्य आणि त्याच वर्षी ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत रौप्यपदक मिळवले. तेव्हापासून त्यांच्या सावरपाडा या गावाचे उदाहरण सगळेच देतात. पण डोंगरातली मुले आपोआप धावपटू होतात हा समजही त्यातून पक्का झाला, आणि निवडीची पद्धत तपासायची राहून गेली.

राज्य शासनाच्या निवासी क्रीडा प्रशिक्षण केंद्रासाठी, म्हणजे क्रीडा प्रबोधिनीसाठी, 8 ते 14 वयोगटातल्या मुलांची उंची, वजन, 30 मीटर धाव, शटल रन, उभी लांब उडी, मेडिसिन बॉल फेक, लवचिकता, 800 मीटर अशी चाचणी होते. या चाचण्या योग्यच आहेत. आमचा आक्षेप त्या घेण्याच्या रीतीवर आहे.

आधी मैदान. बहुतेक शाळांत 400 मीटरची धावपट्टी बसत नाही, म्हणून चुन्याने 200 मीटरची आखतात. सरळ बाजू 40 मीटरच्या असतील तर आतल्या रेषेची त्रिज्या 18.90 मीटर हवी, कारण अंतर त्या रेषेपासून 20 सेंटिमीटर बाहेरून मोजतात. कोणी अंदाजाने 18 मीटर धरली, तर प्रत्येक फेरी साडेपाच मीटरहून जास्त कमी भरते. चार फेऱ्यांत चार-पाच सेकंदांचा फरक पडतो आणि दोन शाळांच्या वेळांची तुलनाच होऊ शकत नाही.

त्याहून मोठी अडचण रक्ताची आहे. हिमोग्लोबिन कमी असलेली मुलगी 30 मीटर व्यवस्थित पळते, लांब उडीही मारते. 800 मीटरला मात्र तिसऱ्या फेरीत तिचे पाय जड होतात. शेरा पडतो, ‘दम नाही’. खरे तर जंतनाशक गोळी, आठवड्याची लोहाची गोळी आणि त्या गोळीबरोबर चहा न देणे एवढे दोन-तीन महिने नीट पाळून पुन्हा चाचणी घ्यायला हवी. बारा वर्षांवरच्या मुलीचे हिमोग्लोबिन 12 च्या खाली असेल, तर तिच्या 800 मीटरच्या वेळेवरून तिला बाद करणे अन्यायाचे आहे. नंदुरबार, गडचिरोली, मेळघाटात सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराची तपासणी आधीच व्हावी. वाहक मूल खेळू शकते, पण सराव हळूहळू वाढवावा लागतो, पाणी भरपूर द्यावे लागते आणि उन्हात एकदम पूर्ण जोराने पळवणे टाळावे लागते. ही माहिती चाचणी घेणाऱ्याच्या हाती नसेल तर ते जिवावर बेतू शकते.

मग वय. पटावर कितीतरी मुलांची जन्मतारीख 1 जून असते. जन्माची नोंद नसली की प्रवेशाच्या वेळी अंदाजाने ती लिहिली जाते. कागदावर बारा वर्षांचे मूल प्रत्यक्षात चौदाचे असेल तर ते गुणवान ठरते आणि पुढे वय तपासणाऱ्या मनगटाच्या एक्स-रेत अडकते. उलट वयाने लहान मूल मागे पडते. पाचवीतच ग्रामपंचायत आणि अंगणवाडीच्या नोंदींशी तारीख पडताळली, तर हे बरेच टळेल.

दर तीन महिन्यांनी उंची आणि स्टुलावर बसवून बैठी उंचीही मोजावी. तीन महिन्यांत दोन सेंटिमीटरहून जास्त वाढ दिसली, तर ते मूल झपाट्याने वाढत आहे. त्या काळात गुडघा दुखतो, धाव बिघडते, उड्या कमी होतात. नेमके तेव्हाच त्याला संघातून काढतात. उशिरा वाढणारी मुले तर आठवी-नववीत कुठे रंगात येऊ लागतात आणि चौदाची मर्यादा उलटून जाते. पुढे प्रबोधिनीतल्या सरळ प्रवेशाला मोठ्या स्पर्धेतली कामगिरी लागते, ती संधी पाड्यावरच्या मुलाला क्वचित मिळते.

म्हणून आदिवासी विकास विभागाने सहावी ते दहावीच्या प्रत्येक मुलाचे क्रीडा नोंदपत्रक ठेवावे. जुलै, नोव्हेंबर आणि फेब्रुवारीत त्याच मैदानावर चाचणी व्हावी. एका आकड्यापेक्षा वर्षभरातली सुधारणा पाहून निवड व्हावी. नोव्हेंबरची चाचणी दिवाळीच्या सुटीनंतर लगेच नको. दोन आठवडे सराव झाल्यावर घ्यावी. शाळा बदलली तर हे पत्रक दाखल्यासोबत पुढच्या शाळेत जावे, आणि त्याची एक प्रत प्रकल्प कार्यालयात राहावी.

आपले,
आश्रमशाळांतील काही क्रीडाशिक्षक
त्र्यंबकेश्वर तालुका, जि. नाशिक