घाटात अडकल्यावर सुचलेलं

पुणे, रविवार

प्रिय सुध्या,

परवा मुंबईहून येताना बोरघाटात दोन तास अडकलो. पुढे कुठेतरी ट्रक बंद पडला होता. थांबलो तेही अमृतांजन पूल होता तिथेच. एप्रिल २०२० मध्ये टाळेबंदीत रस्ता मोकळा मिळाला म्हणून तो सुरुंग लावून पाडला, हे तुला ठाऊक आहेच. लहानपणी एसटीत 'अमृतांजन आला' असं आधी कोण ओरडतो यावरून आपली भांडणं व्हायची. तिथे आता मान वर केली तर नुसतं आभाळ.

घरी आल्यावर जुनं गॅझेटियर उघडलं. पूर्वी मुंबईचा माणूस पनवेलपर्यंत होडीने यायचा, मग खोपोली, जिथे नाना फडणविसांनी बांधलेलं तळं आजही आहे, आणि तिथून हा चढ. १८०४ च्या सुमारास इंग्रज सेनापती आर्थर वेलस्लीने घाटमाथ्यापासून पुण्यापर्यंतचा रस्ता नीट करून घेतला, पण फौजेच्या सोयीसाठी. व्यापारी माल मात्र बैलांच्या आणि तट्टांच्या पाठीवरच. १८२५ मध्ये कलकत्त्याचा ख्रिस्ती धर्मगुरू बिशप हेबर इथून गेला. रस्ता रुंद आहे, चांगला आहे, पण इतका उभा की भरलेली गाडी किंवा पालखी चढवताना जीव मेटाकुटीला येतो; सगळे पायी नाहीतर घोड्यावर, असं त्याने लिहून ठेवलंय. आणि वर मत काय, तर कोकण आणि देश यांच्यात जी काही ये-जा आहे आणि पुढे होईल, तिला एवढा रस्ता पुरे! मागे-पुढे हॉर्न वाजत असताना हा गृहस्थ माझ्या शेजारच्या सीटवर हवा होता.

पाचच वर्षांनी, १० नोव्हेंबर १८३० ला, गव्हर्नर जॉन माल्कमने घाटातला गाडीरस्ता खुला केला. कोकण आणि दख्खन यांच्यामधली भिंत पडली, अशी त्याची फुशारकी. फुशारकी म्हणतो खरा, पण चूक काय होतं त्यात? बैल पाठीवर गोणी वाहतो ते किती आणि तोच गाडीला जुंपला की ओढतो ते किती! सरकारने पैसा ओतला तो या फरकासाठी. पुढे १८६३ मध्ये घाटातून रेल्वे चढली आणि रस्त्याचा एकट्याचा रुबाब तेहतीस वर्षांत संपला.

या सगळ्यात शिंग्रोबा कुठेच सापडला नाही. इंग्रज साहेबाला घाटाची वाट या शिंग्रोबा धनगराने दाखवली, आणि बक्षीस म्हणून त्याने स्वातंत्र्य मागितलं तर गोळी मिळाली, असं लोक सांगतात. कागदावर माल्कम, पण जुन्या रस्त्यावर ड्रायव्हर नाणं टाकतात ते शिंग्रोबाच्या देवळात. मला हा हिशेब आवडतो.

डिसेंबरात येतोयस ना? येताना एक्सप्रेस-वेने नको, जुन्या रस्त्यानेच येऊ. सुट्टे पैसे तेवढे तू आण, माझ्या खिशात हल्ली फक्त फोन असतो.

तुझा,
विन्या