डाळिंबावरच्या तेल्या रोगाबद्दल अण्णांना, नेदरलँड्समधल्या वाखेनिंगनहून

अण्णा,

तुम्हाला आणि आईला नमस्कार. परवा व्हिडिओ कॉलवर तुम्ही ते डाळिंब कॅमेऱ्यासमोर धरलंत, काळा तेलकट डाग आणि मधोमध इंग्रजी Y सारखी चिरलेली साल, ते बघून मला रात्री झोपच नाही लागली. अख्खा मृग बहार, पावसाळी फुलोऱ्याचं सगळं पीकच, गेलं की. दुकानदारानं दिलेलं सॅलिसिलिक ॲसिड मारलं तरी तेल्या थांबला नाही म्हणून तुम्ही चिडलात, फोनवर मला नीट सांगता आलं नाही म्हणून लिहायला बसले.

अण्णा, ते जंतू मारायचं औषध नाहीच. सॅलिसिलिक ॲसिड झाड स्वतःच अंगात बनवतं, ते त्याचं हार्मोन आहे. खालच्या पानात जंतू शिरला की तिथं ते वाढतं आणि वरच्या पानांनाही सावध व्हायचा निरोप जातो. तुम्ही रोज रक्त पातळ करायची ॲस्पिरिन घेता ना, ती त्याचीच सख्खी बहीण, १९७९ साली तंबाखूच्या पानांत ॲस्पिरिन टोचून बघितली तर मोझॅक व्हायरसचे डाग कमी पडले होते!

आमच्या लॅबमधे मोहरीच्या कुळातलं वीतभर झाड असतं. मी त्याच्या खालच्या तीन पानांत बिनसुईच्या सिरिंजनं जंतूचं पाणी सोडते आणि दोन-तीन दिवसांनी वरच्या पानात तेच. ज्याला आधी काही दिलेलं नव्हतं त्याचं वरचं पान पिवळं पडून मऊ पडतं, सावध झालेल्याचं बऱ्यापैकी हिरवं राहतं. पहिल्यांदा बघितलं तेव्हा आपला मळाच डोळ्यासमोर आला.

अळीनं पान कुरतडलं की झाड दुसरंच हार्मोन काढतं, जास्मोनिक ॲसिड, आणि ही दोन्ही बऱ्याचदा एकमेकांना दाबतात. सुडोमोनास नावाचा जंतू इतका लबाड की तो जास्मोनिकची नक्कल बनवतो, झाडाला वाटतं अळी आली, सॅलिसिलिकचा बंदोबस्त ढिला पडतो, पानाची मिटलेली छिद्रं परत उघडतात आणि हा आत. तेल्याचा जंतू वेगळा, झँथोमोनास, पण तोही छिद्रांतनं आणि जखमांतनंच शिरतो.

म्हणून डाग पडल्यावर मारणं म्हणजे वरातीमागून घोडं. आधी मारलं तर झाड तयार राहील, तेही नेमकंच, जास्त झालं तर पानं करपतात, वाढ खुंटते. पानगळीला तुम्ही इथरेल मारता त्यातनं इथिलीन निघतं, तेही हार्मोनच, त्याचं प्रमाण चुकलं तर काय होतं ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहितीय.

आता रोगट फांद्या कापून जाळा, कात्री प्रत्येक झाडानंतर पुसून घ्या. पुढच्या बहाराआधी सोलापूरजवळच्या केगावच्या डाळिंब संशोधन केंद्रात जाऊन वेळ आणि प्रमाण विचारून या. आणि एक करा माझ्यासाठी, विहिरीकडच्या ओळीतल्या पाच झाडांना लाल चिंधी बांधा, त्यांना सॅलिसिलिक मारू नका, बाकी सगळं सारखंच, आणि दर रविवारी दोन्हीकडचे फोटो पाठवा, पानाच्या मागच्या बाजूचेपण.

तुमची,
ताई